एका सांगाड्यात दोन सिलिंडर: १८६० च्या कोल्टच्या लाकडी मॉडेलच्या नोंदी

६ जानेवारी

आमच्या गावची लायब्ररी हार्टफर्डपासून अर्ध्या तासावर आहे. उन्हाळ्यात तिथे कनेटिकट नदीकाठच्या जुन्या कारखान्यांवर एक छोटं प्रदर्शन भरणार आहे आणि त्यासाठी काही करून द्याल का, असं मला विचारलं. मी लगेच हो म्हटलं, कारण एक गोष्ट बरीच वर्षं मनात होती. टोपीवर (आपटल्यावर ठिणगी देणारी छोटी धातूची वाटी) उडणारं रिव्हॉल्व्हर धातूच्या काडतुसावर नेताना कारखान्याने नेमकं काय बदललं, हे हातात घेऊन बघता येईल असं काहीतरी करायचं होतं. पुस्तकातली चित्रं बाजूने काढलेली असतात. खरी गंमत सिलिंडरच्या पाठीमागे आहे, आणि ती चित्रात दिसत नाही.

ठरलं ते असं. कोल्टचं, म्हणजे हार्टफर्डच्या बंदूक कारखान्याचं, १८६० सालचं आर्मी मॉडेल, दुप्पट मापात, पूर्ण लाकडी, एका बाजूने कापून उघडं ठेवलेलं. सांगाडा एकच, सिलिंडर दोन: एक जुनं टोपीचं, एक काडतुसाचं. बघणाऱ्याने एक काढून दुसरं बसवायचं. लायब्ररीच्या दोन अटी आहेत. रंग लाकडाचाच राहिला पाहिजे, आणि लांबून खरं हत्यार वाटता कामा नये. दोन्ही मला मान्य. नळी तोंडाकडे दोन बोटं पोकळ आणि त्यामागे भरीव ठेवणार आहे.

अंदाज: चाळीस तास, शंभर डॉलर.

१३ जानेवारी

हार्टफर्डला स्टेट लायब्ररीच्या इमारतीतल्या म्युझियममध्ये कोल्टचा मोठा संग्रह आहे. सकाळभर तिथे काचेपलीकडून बघत, कागदावर रेघोट्या मारत बसलो. खऱ्या आर्मीची नळी ८ इंच, एकूण लांबी १४ इंचांच्या आसपास, म्हणजे माझं मॉडेल २८ इंचांचं. सिलिंडर पुढे जाड आणि मागे बारीक आहे, मध्ये पायरी. ही पायरी नीट बघून घ्या. १८५१ च्या नेव्ही मॉडेलचा .३६ चा (गोळीचं माप, इंचात) सांगाडा तसाच ठेवून त्यात .४४ ची भोकं बसवायची होती, म्हणून सिलिंडरचा पुढचा भाग तेवढा फुगवला. त्या घराण्यात जुन्या सांगाड्यात नवीन गोष्ट बसवायची सवय काडतुसांच्या आधीपासूनची आहे.

संध्याकाळी बाबांना फोन केला. आमच्या घरी, रत्नागिरी जिल्ह्यात, आजोबांची परवान्याची ठासणीची बंदूक होती, रानडुकरांपासून शेत राखायला. निवडणूक आली की ती पोलीस ठाण्यात जमा करायची. मी विचारलं, ती भरायला किती वेळ लागायचा? बाबा म्हणाले, "अरे, दारू घाला, काथ्या घाला, छर्रे घाला, गजाने ठासा, मग मागे केप बसवा. तोवर डुक्कर पऱ्ह्याच्या पलीकडे." हेच सहा वेळा, आणि पावसात, घोड्यावर बसून करायचं असेल, तर लोकांना काडतूस का हवं होतं ते वेगळं सांगावं लागत नाही.

२० जानेवारी

लाकूड आणलं. सिलिंडर आणि सांगाड्यासाठी हार्ड मेपल, २३ डॉलर. मुठीसाठी आणि नळीसाठी अक्रोड, ३१ डॉलर. नकाशा मिलिमीटरमध्ये काढला. दुप्पट करताना इंचाच्या सोळांशांशी झुंजायचं नव्हतं. माझ्या नकाशात सांगाड्यातली सिलिंडरची जागा १०२ मिमी येते.

२७ जानेवारी

पहिलं सिलिंडर गेलं.

लेथवर गोल केलं, पायरी पाडली, पॉलिशपेपर मारला. दिसायला सुरेख. मग ड्रिल प्रेसखाली उभं धरून सहा भोकं पाडायला घेतली. चौथ्या भोकाला बिट आडव्या तोंडाच्या लाकडात रेषा धरून सरकलं आणि बाहेरच्या भिंतीतून डोकावलं. पाचव्याला दोन भोकांमधली भिंत चिरली. मेपलचा तुकडा आणि नऊ तास वाया.

चुका दोन. एक, आधी गोल केलं आणि मग भोकं पाडली. हा क्रम उलटा हवा. चौकोनी ठोकळ्यात भोकं पाडा. ठोकळा शिकंज्यात घट्ट बसतो, भिंतींना आधार असतो, आणि बिट सरकलंच तर बाहेरचा गोल त्याच्या हिशेबाने काढता येतो. दोन, माझं फोर्स्टनर बिट बोथट होतं. नवं घेतलं, २४ डॉलर.

३ फेब्रुवारी

नवं मेपल, आणखी २३ डॉलर. सहा भोकांची आखणी करताना पुन्हा अडलो. वर्तुळाची त्रिज्या कर्कटकात धरून परिघावर सहा वेळा टाकली की बरोबर सहा भाग होतात, हे शाळेपासून माहीत आहे. कागदावर होतात. लाकडावर प्रत्येक वेळी टोक केसभर सरकतं आणि सहावी खूण पहिलीपासून मिमीभर लांब येते. सिलिंडर फिरवल्यावर एक भोक नळीसमोर येत नाही, तिरकं दिसतं.

शेवटी कर्कटक ठेवून दिलं. प्लायवूडची चकती कापली, तिच्या कडेला साठ-साठ अंशांवर सहा खाचा, मधोमध खिळा. ठोकळा चकतीवर स्क्रूने बसवला. एक खाच अडकवायची, एक भोक पाडायचं, पुढची खाच. चकती करायला पूर्ण संध्याकाळ गेली, पण पुढची दोन्ही सिलिंडरं तिच्यावरच झाली आणि एकही भोक फिरलं नाही. कोणी हे करणार असेल तर चकतीपासूनच सुरुवात करा.

१० फेब्रुवारी

जुनं सिलिंडर पूर्ण. यात भोकं पुढून पाडली आणि मागे भिंत शिल्लक ठेवली. त्या भिंतीत प्रत्येक भोकामागे तिरका खळगा, खळग्यात पितळी निपल. निपलवर टोपी, टोपीवर घोडा (चाप ओढल्यावर पडणारा हातोडा) आपटतो, ठिणगी बारीक छिद्रातून आत दारूकडे जाते. कापलेल्या बाजूला दोन खोल्या (म्हणजे भोकं) अर्ध्यातून उघड्या ठेवल्यात. एकीत काळी रेती घालून दारू दाखवली आणि वर अक्रोडाची गोळी. दुसरी रिकामी.

ती मागची भिंत नीट बघा. सगळं पुढचं काम तिच्याभोवती फिरतं.

२४ फेब्रुवारी

दुसरं सिलिंडर तयार झालं आणि सांगाड्यात बसेना.

ही चूक सविस्तर सांगायला हवी, कारण मला वाटतं ती प्रत्येकजण करेल. मी दुसरं सिलिंडर पहिल्याइतकंच लांब केलं, फक्त भोकं आरपार. मग १५ मिमी जाड कडं केलं, जे सिलिंडरच्या मागे बसतं, काडतुसांचा बूड अडवतं आणि ज्यात भरण्याचं दार असतं. दोन्ही एकत्र ठेवली तर लांबी ११७ आणि जागा १०२. अर्धा तास मी सांगाड्याची मापं पुन्हा घेत बसलो, जणू चूक सांगाड्याची होती.

सांगाडा वाढत नाही. चार्ल्स रिचर्ड्सने कोल्टसाठी जे रूपांतर केलं, ज्याचं पेटंट त्याला जुलै १८७१ मध्ये मिळालं, त्याचं मर्म इथेच आहे. निपल आणि खळगे असलेला सिलिंडरचा मागचा भाग गेला, आणि जेवढी जाडी गेली तेवढ्याच जाडीचं कडं त्या जागी आलं. जिथे बंद भिंत होती तिथे आता वेगळा तुकडा आहे, जो सिलिंडरबरोबर फिरत नाही, सांगाड्याला चिकटून उभा राहतो. सिलिंडर फिरतं, काडतुसांचे बूड त्याच्यावरून घसरत जातात. वाचताना हे वाक्य मी अनेकदा वाचलं असेन. १५ मिमी जास्तीचं लाकूड हातात धरून उभं राहिल्यावर ते कळलं.

१ मार्च

सिलिंडर ८६ मिमीवर कापलं. कडं १५, आणि फिरायला १ मिमी मोकळीक. नशिबाने भोकं आधीच आरपार होती, त्यामुळे लाकूड वाया गेलं नाही. कापताना करवतीने मागची कड थोडी उडाली. ती कड कड्याच्या आड लपते, म्हणून सोडून दिली.

९ मार्च

घोडा. भरीव अक्रोडातून कापला, मानेपाशी दोनदा मोडला. मानेत लाकडाची रेषा आडवी येते, तिथे जोर राहत नाही. रेषा फिरवली तर टोक मोडतं. बारा मिमीचं बर्च प्लायवूड आणून (१८ डॉलर) त्यातून कापला. मोडत नाही. कडेला थर दिसतात, पण कापून उघडं ठेवलेल्या मॉडेलला ते शोभतात.

दोन घोडे केले. जुन्याचं नाक टोपीवर आपटण्यासाठी. रिचर्ड्सच्या रचनेत घोड्याचं तोंड सपाट आणि टोचणारी पिन कड्यात, स्प्रिंगवर. पुढे विल्यम मेसनने रचना सोपी केली तेव्हा पिन थेट घोड्यावर गेली. मी पिन कड्यात दाखवली, पितळी खिळ्याचा तुकडा, हलत नाही.

१६ मार्च

काडतुसं. सहा केली आणि सहाही परत करावी लागली.

पिवळसर लाकडाचा तुकडा घरात पडून होता, त्यातून डबी कातली आणि अक्रोडाची गोळी तिच्यात खोल बसवली, जशी आजच्या काडतुसात दिसते. दुपारी पुन्हा म्युझियमला गेलो होतो, तर तिथल्या एका वयस्क स्वयंसेवक बाईंनी माझ्या हातातलं काडतूस बघितलं आणि विचारलं, ही गोळी नळीत किती सैल बसेल? मी गप्प. त्यांचं बरोबर होतं. सिलिंडरची भोकं आरपार एकाच मापाची आहेत. डबी त्या मापाची, आणि गोळी डबीच्या आत गेली तर ती डबीच्या जाडीइतकी लहान होणार. मग नळीत पकड कुठून येणार? म्हणून .४४ कोल्टच्या काडतुसात गोळी बाहेरून डबीइतकीच जाड असते आणि तिची फक्त टाच बारीक करून डबीत बसवतात. जुन्या नळीचं माप बदलायचं नव्हतं, त्यामुळे गोळीला असा आकार घ्यावा लागला.

पुन्हा सहा कातली. एक उभं चिरून टाच दाखवली. मला वाटतं पूर्ण मॉडेलमध्ये सगळ्यात शिकवणारा तुकडा हाच आहे, आणि तो करायला वीस मिनिटं लागली.

३ एप्रिल

आज काम थोडं, पण ही तारीख सोडून देता येईना.

३ एप्रिल १८५५ ला रोलिन व्हाइटला आरपार भोकाच्या सिलिंडरचं पेटंट मिळालं. त्याने ते हक्क स्प्रिंगफील्डच्या स्मिथ अँड वेसन या बंदूक कंपनीला दिले, नगामागे २५ सेंट रॉयल्टी ठरली, आणि पेटंट कोणी मोडलं तर कोर्टात लढायची जबाबदारी व्हाइटने स्वतःवर घेतली. १८५७ मध्ये स्मिथ अँड वेसनचं सात गोळ्यांचं छोटं .२२ बाजारात आलं. तेव्हाच्या कायद्याने पेटंट १४ वर्षांचं, म्हणजे ३ एप्रिल १८६९ पर्यंत. मधल्या काळात यादवी युद्ध झालं, कोल्टने आर्मी मॉडेलं लाखांच्या हिशेबात बनवली, आणि ती सगळी टोपीची. सॅम्युअल कोल्ट जानेवारी १८६२ मध्येच वारला. १८६४ मध्ये कारखाना जळाला, तोही त्याच्या पत्नीने, एलिझाबेथने, पुन्हा उभारला.

हे माझ्या मॉडेलशी थेट जोडलेलं आहे. दोन सिलिंडरांमधला फरक म्हणजे मागची एक भिंत, आणि ती भिंत चौदा वर्षं कायद्याने उभी होती. लायब्ररीच्या पाटीवर मी हेच लिहिणार आहे.

व्हाइटला मात्र त्यातून फार काही उरलं नाही. खटल्यांत पैसा गेला. त्याच्यासाठी काँग्रेसने विधेयक संमत केलं होतं, पण जानेवारी १८७० मध्ये राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांनी ते परत पाठवलं. ज्याने मूळ कल्पना नोंदवली त्याच्या वाट्याला इतकं कमी यावं, याचं मला खरंच वाईट वाटतं. पाटीवर त्याचं नाव कोल्टच्या नावाइतक्याच मोठ्या अक्षरात असेल.

७ एप्रिल

तिसरं सिलिंडर करावं का, या विचारात शनिवार-रविवार गेला. पेटंट संपायच्या आधी, १८६८ मध्ये, कोल्टच्या कारखान्यातल्या अलेक्झांडर थुअरने एक वाट काढली होती. काडतूस मागून भरायचंच नाही, पुढून भरायचं, म्हणून ते मागे निमुळतं केलेलं. मागून भरण्याचा, म्हणजे व्हाइटच्या पेटंटचा, प्रश्नच येत नाही. कायदा, सांगाडा आणि बाजार तिन्ही सांभाळायची ती धडपड बघून मी भारावून जातो. पण निमुळती भोकं लाकडात पाडायला माझ्याकडे हत्यार नाही. एक निमुळतं काडतूस कातून बाजूला ठेवणार, सिलिंडर नाही.

२० एप्रिल

मोठा अडथळा. जुनं सिलिंडर मधल्या दांड्यावर अडकलं, फिरेना.

इथल्या हिवाळ्यात घरात हीटिंग चालू असतं, हवा कोरडी ठणठणीत. मी सगळं फेब्रुवारीत बसवलं, घट्ट, छान. आता पाऊस सुरू झालाय, खिडक्या उघडतात, लाकडाने ओल घेतली. मेपल वार्षिक कड्यांच्या दिशेने जास्त फुगतं आणि आडव्या दिशेने कमी, त्यामुळे गोल भोक अंडाकृती होतं. मापून बघितलं: एका बाजूने ०.४ मिमी फरक.

दांडा बारीक करायचा मोह झाला. केला नाही, कारण पुढच्या हिवाळ्यात तो खडखडला असता. मधलं भोक थोडं मोठं केलं, त्यात पितळी नळीचा तुकडा इपॉक्सीने बसवला, दांडाही पितळी सळईचा केला. पितळेवर पितळ, लाकूड काही करो. दुसऱ्या सिलिंडरलाही तसंच केलं. पत्रा, नळी, सळई मिळून पितळेचे ३८ डॉलर. सहा तास. हे पहिल्यापासूनच करायला हवं होतं. लाकूड लाकडावर फिरवायचं नाही, हे गावातला रहाटवाला सुतारही सांगेल.

४ मे

नळीखाली जुन्या रचनेत ठासणीची कांडी असते, मुडपून दाबली की गोळी खोलीत ठासली जाते. काडतुसाला ठासायचं काम उरत नाही, पण उडालेली रिकामी डबी काढायचं काम नव्याने येतं. म्हणून रिचर्ड्सने कांडी काढून तिच्या जागी उजव्या बाजूला डबी मागे ढकलणारी सळई बसवली. मी दोन्ही केल्या, चुंबकाने चिकटतील अशा. कांडी काढा, सळई लावा. मुलांना हे सगळ्यात जास्त आवडेल असं वाटतं.

भरण्याचं दार पितळी पत्र्याचं, एका स्क्रूवर फिरतं. उघडलं की कड्यातल्या खाचेतून बरोबर एकच काडतूस आत जातं.

११ मे

खऱ्या सिलिंडरवर समुद्री लढाईचं चित्र उमटवलेलं असतं, टेक्सासच्या आरमाराची कँपेचेजवळची लढाई, १६ मे १८४३; मूळ कोरीव काम वॉटरमन ऑर्म्सबीचं. मी तापत्या पेनने जुन्या सिलिंडरवर एक जहाज काढलं. शिडं बरी आली, दोऱ्यांची जळून काळी रेघ झाली. कानसेने हलकेच घासून दोऱ्या काढल्या. एक जहाज पुरे.

१८ मे

तेलाचे तीन हात, प्रत्येकामध्ये एक दिवस. तेल, गोंद, इपॉक्सी, पॉलिशपेपर मिळून २७ डॉलर. मुठीचं अक्रोड पहिल्या हातातच असं खुललं की बाहेर उजेडात नेऊन बराच वेळ बघत राहिलो.

२५ मे

हिशेब: मेपल ४६ (दोनदा), अक्रोड ३१, बिट २४, प्लायवूड १८, पितळ ३८, तेल-गोंद वगैरे २७. एकूण १८४ डॉलर. वेळ ११८ तास, त्यातले तीसेक पहिलं सिलिंडर, पहिली काडतुसं, मोडलेले घोडे आणि अडकलेला दांडा यांत गेले.

१ जून

लायब्ररीत बसवलं. काचेच्या पेटीत ठेवायचं होतं, पण मी हट्ट धरला की निदान सिलिंडरं हातात घेता आली पाहिजेत, आणि त्यांनी तो मानला. सांगाडा पाटाला स्क्रूने पक्का, सिलिंडरं दोरीला बांधलेली.

दहा-अकरा वर्षांची एक मुलगी आईबरोबर आली होती. तिने जुनं सिलिंडर काढलं, नवं घातलं आणि म्हणाली, मागे जागा राहिली. मी काही बोललो नाही. तिने टेबलावरून कडं उचललं, उलटं-सुलटं करून बघितलं, आणि त्या १५ मिमीमध्ये बसवलं.

संध्याकाळपर्यंत भरण्याच्या दाराचा स्क्रू सैल झाला होता. शनिवारी जाऊन मागे लॉकनट लावणार आहे.